षष्ठी म्हणजे मालकीच ना?

नागपुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मराठी व्याकरण शिकवतो. नामाला ‘चा-ची-चे’ लावणारी षष्ठी विभक्ती आली की दर बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच, ‘सर, षष्ठी म्हणजे मालकीच ना?’ तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘रामाचं घर’ यात मालकी आहे, कबूल. पण ‘नागपूरचा उन्हाळा’? ‘सोन्याची बांगडी’, ‘उद्याचा पेपर’, ‘दहा रुपयांचा सांबार’ (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात)? यात कोण कोणाचा मालक? पाणिनीचं सूत्र आहे, ‘षष्ठी शेषे’. बाकीच्या विभक्तींनी सांगून झाल्यावर जो संबंध उरतो, तो षष्ठीचा. इथे नाम क्रियापदाशी नव्हे, दुसऱ्या नामाशी जोडलं जातं. म्हणून संबंधाला कारकांत, म्हणजे क्रियापदाशी असलेल्या नात्यांत, धरत नाहीत. आणि तो संबंध नेमका कोणता, हे प्रत्यय सांगतच नाही, ऐकणाऱ्याने ओळखायचं. ‘आईची आठवण’ आईला आलेली, की आईबद्दल आलेली? लॅटिनमध्येही ‘आमोर देई’, देवाचं प्रेम, देवाने केलेलं असू शकतं आणि देवावरचंही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो आपला प्रत्यय. संस्कृतात ‘रामस्य’ झालं की पुढे काहीही येवो, ते बदलत नाही. मराठीतला ‘चा’ चिकटतो रामाला आणि लिंग-वचन घेतो पुढच्या शब्दाचं. संत्रा मार्केटात कान देऊन उभे राहा. एकजण ‘नागपूरचा संत्रा’ म्हणेल, दुसरा ‘नागपूरचं संत्रं’. फळ तेच. पण एकाच्या बोलीत ते पुल्लिंगी, दुसऱ्याच्या बोलीत नपुंसकलिंगी, आणि फळाचं नाव तोंडातून निघण्याआधीच ‘चा’ आणि ‘चं’ ते सांगून मोकळे होतात.

तुर्कीत दोन्ही नामांवर खूण लागते. ‘एव’ म्हणजे घर, ‘कापी’ म्हणजे दार, आणि घराचं दार म्हणजे ‘एविन कापिसि’. फारसीत मराठीच्या उलटं. ‘शेर-ए-पंजाब’ मधला ‘ए’ पंजाबचा नाही, तो शेरला जोडलेला आहे.

रशियन तर आणखी पुढे जाते. पाव म्हणजे ‘ख्लेब’, पण पाव नाही म्हणायचं तर ‘न्येत ख्लेबा’. जे नाही, तेच षष्ठीत! तिथे मालकी कुठे शोधणार?

तुमच्या पुस्तकातल्या तक्त्यात षष्ठीपुढे ‘संबंध’ असंच छापलेलं असतं. शेजारी पेन्सिलने ‘मालकी’ लिहून ठेवलं असेल, तर तेवढं खोडून टाका.