तुम्ही विचारलंत म्हणून : ती बंदूक उडते का?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी पुण्या-मुंबईचा पाहुणा आला, की बैठकीच्या भिंतीवरच्या जुन्या बंदुकीकडे बघून पहिला प्रश्न ठरलेला. "काका, ही अजून उडते का?" नाही म्हटलं की दुसरा. "मग चालू करून घ्या ना, तुम्हाला तर घरीच जमतं!"

जमत नाही, आणि जमलं तरी करणार नाही.

बंदूक ठासणीची आहे. दारू, गोळी, चिंधी, सगळं तोंडातून घालायचं आणि गजाने ठासायचं. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला आणि त्या लष्कराच्या छावणीचंच शहर झालं, तेव्हा इथल्या जुन्या मराठी घरांच्या माळ्यावर अशा नळ्या निघतात यात नवल नाही. प्रत्येक घरातली बंदूक मात्र शिंद्यांच्या फौजेच्या आणि इंग्रजांच्या महाराजपूरच्या लढाईतलीच असते! 29 डिसेंबर 1843 ला महाराजपूर आणि पनियार दोन्हीकडे मिळून नसतील एवढ्या बंदुका आज आमच्या गल्ल्यांत सांगितल्या जातात. आमची बहुधा शिकारीची असावी.

आता उडण्याचं. काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग क्षार आणि काजळी होऊन मागे राहतो. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. आमच्या बंदुकीची नळी म्हणजे लोखंडाच्या पट्ट्या पिळून, तापवून, ठोकून एकजीव केलेली. गंज नेमका त्या सांध्यांत शिरतो, तोही आतून. बाहेरून नळी ठणठणीत दिसते आणि बार भरला की फुटते ती धरणाऱ्याच्या तोंडाशी. आमच्या नळीला तर मागे, दारू बसते तिथे, गंजाने आरपार भोक पाडलंय. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 45 जुन्या घाटाच्या, दुरुस्त करूनही उडणार नाही अशा हत्याराला मोकळीक देतं. दुरुस्तीने उडू शकेल अशी असली, तर ठासणीची झाली म्हणून काय, परवाना लागतोच. म्हणजे "चालू करून घ्या" म्हणणारा पाहुणा चहा पिता पिता मला कोर्टात उभं करतोय.

जाणकार पाहुणे जरा वेगळं विचारतात. "मूळची तोडेदार होती ना? मग ती टोपी काढून टाका." टोपी म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारं धातूचं बारकं टोपण. निरीक्षण बरोबर आहे. ही पूर्वी पेटत्या तोड्याने, म्हणजे धुमसत्या दोरीच्या वातीने उडायची. रंजकाची, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूची वाटी होती तिथे कुणीतरी कानस चालवून ती काढली आणि टोपी बसवायचं बोंड जोडलं. तोड्याचा घोडा दस्त्यातल्या, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागातल्या ज्या खाचेतून खाली यायचा, ती खाच लाकडाची चीप ठोकून बुजवली. दस्ता काळपट आणि ती चीप लालसर, बोट फिरवलं की कड लागते. वरचा घोडा तर सरळसरळ दुसऱ्याच बंदुकीचा आहे, थोडा तिरका पडतो. एकोणिसाव्या शतकात टोप्या मिळू लागल्यावर अनेक तोडेदार बंदुका अशाच बदलल्या गेल्या. त्या लोहाराचं काम सफाईदार नाही, पण ते त्याचं आहे आणि त्या काळचं आहे. ते उखडून मी नवी 'जुनी' वाटी बसवली, तर ती लबाडी होईल.

मग मी करतो काय? फार थोडं. लाल, भुरभुरणारा गंज पातळ तेल लावून मऊ तांब्याच्या पट्टीने हळूहळू खरवडायचा. त्याखालचा घट्ट तपकिरी थर राहू द्यायचा, त्याचं वय तिथेच आहे. पॉलिश पेपर, ॲसिड, बफिंगचं चाक यांना मज्जाव. नळीच्या तोंडाशी चांदीची कोफ्तगरी आहे, म्हणजे लोखंडावर बारीक चरे पाडून त्यात ठोकलेली तार. चाक लावलं की ती पाच मिनिटांत साफ. दस्त्याला मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत तडे जातात, म्हणून त्याआधी जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात. पावसाळ्याआधी लोखंडावर मेण. आणि खंडेनवमीला ओलं हळदकुंकू थेट नळीवर लावू देत नाही, खाली ठेवलेल्या कापडाला लावायचं. यावरून आमच्या काकू अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही, "भरलेली नाही ना?" काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते, आणि माळ्यावरच्या बंदुका कित्येकदा भरूनच ठेवलेल्या निघतात. तुमच्याकडे अशी असेल तर तोंडासमोर उभं न राहता, बाजूने एक सरळ लाकडी काठी अलगद आत सोडा, टेकली की तोंडापाशी खूण करा आणि बाहेर काढून नळीच्या अंगाला लावून बघा. काठीचं टोक कानापर्यंत, म्हणजे रंजकाच्या भोकापर्यंत पोचायला हवं. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. मग कानात सुई, खिळा, ड्रिल काही घालू नका, तोंड माणसांकडे नसेल अशी ठेवा आणि ठाण्यात कळवा. मला फोन नंतर केलात तरी चालेल.