तीर्थनमधला ट्राउट: कुठला स्पिनर लावायचा आणि गांडूळ का नको

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट (थंड, वाहत्या पाण्यातला मासा) गरवायला, म्हणजे गळाने पकडायला, जाऊन आलो. तळ्यावर कणकेचा गोळा लावून रोहू-कटला काढायची सवय असलेल्यांनी हे जरूर वाचा, कारण तिथे आपलं इथलं गणित जवळपास सगळं बदलतं.

जायचं कसं ते थोडक्यात. दिल्लीहून रात्रीची मनालीची बस पकडायची आणि औटच्या बोगद्यापाशी उतरायचं, कंडक्टरला आधीच सांगून ठेवा नाहीतर गाडी सरळ कुल्लूला जाते. तिथून बंजार, पुढे गुशैनी, नदी रस्त्याला लागूनच आहे. मत्स्य विभागाचा परवाना लागतो, आमच्या होमस्टेवाल्यांनीच काढून दिला. किती मासे ठेवता येतात, किती लांबीचे, काय आमिष चालतं हे परवाना घेतानाच विचारून घ्या. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारी अखेर ट्राउटची मासेमारी बंद असते, थंडीत ब्राउन ट्राउट अंडी घालतो म्हणून, त्यामुळे त्या काळात बुकिंग करू नका.

आता मुद्द्याचं. निघताना इथल्या एका दुकानातून दहा-पंधरा ग्रॅमचे चकचकीत लूर, म्हणजे खोटी आमिषं, घेतले होते, "हिमालयात जड लागतं" असं दुकानदाराने ठामपणे सांगितलं होतं. पहिल्या सकाळी दोन तासांत त्यातले तीन दगडांत अडकून तुटले. तीर्थन म्हणजे काही मोठी रुंद नदी नाही, गोटे, मोठमोठे धोंडे, मधेच कमरेइतका डोह, पुन्हा खळखळ. जड लूर पडतो आणि सरळ दगडाच्या फटीत जाऊन बसतो.

वैतागून दुपारी होमस्टेच्या मागच्या मळ्यातनं गांडुळं काढली. पहिल्या अर्ध्या तासात मासा लागला, वीतभर ब्राउन ट्राउट, पण गळ पार घशात गेलेला. अंगावर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं, इतकं देखणं जनावर हातात आणि कल्ल्यातून रक्त येतंय. लाईन कापून सोडला पण तो जगला असेल असं मला वाटत नाही. आमिष वाहत्या पाण्यात मासा निवांत गिळतो आणि ओढ कळेपर्यंत उशीर झालेला असतो. स्पिनरवर, म्हणजे ओढताना पातं गरगर फिरणाऱ्या लूरवर, तो झडप घालतो त्यामुळे गळ बहुतेक वेळा ओठालाच लागतो. लहान मासा सोडायचाच असेल, आणि सोडायलाच हवा, तर गांडूळ नको. त्यानंतर मी ते लावलंच नाही.

होमस्टेचे काका लहानपणापासून याच पाण्यावर वाढलेले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी माझा डबा उघडून बघितलासुद्धा नाही, आधी नदीकाठी उभे राहिले आणि म्हणाले, "पहले पानी देखो, फिर डिब्बा खोलो." एप्रिलमध्ये सकाळी पाणी काचेसारखं असतं, तळाचा गोटा न् गोटा दिसतो, आणि ऊन चढलं की वर बर्फ वितळतं, मग दुपारी दीड-दोनपासून पाणी बोटभर चढतं आणि दुधट हिरवं होतं. म्हणजे एकाच दिवसात दोन वेगळ्या नद्या. सकाळी त्यांनी एक नंबरचा मेप्स (स्पिनरचा एक ब्रँड) लावायला दिला, साडेतीन ग्रॅमचा, चंदेरी पात्याचा. ऊन जास्त झालं की काळं पातं. दुपारी दुधट पाण्यात दोन नंबरचा तांब्याच्या रंगाचा, पातं मोठं असल्याने पाण्यात थरथर जास्त होते आणि मासा ती लांबून ओळखतो. चार दिवसांत मला लागलेल्या सात माशांपैकी पाच या दोन स्पिनरवर लागले. रबरी मासे, मोठे वॉबलर (डुलत पोहणारे माशाच्या आकाराचे लूर) यांची मला तरी गरज वाटली नाही.

लूरइतकंच महत्त्वाचं म्हणजे तो टाकायचा कुठे. ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून धोंड्याच्या आडोशाला उभा असतो, वेगवान आणि संथ पाण्याची जिथे शिवण पडते तिथे. तुम्ही प्रवाहाच्या उलट, खालून वर चालत जा म्हणजे तो तुम्हाला बघत नाही, स्पिनर धोंड्याच्या वरच्या अंगाला तिरका टाका आणि प्रवाहापेक्षा किंचित जास्त वेगाने ओढा. रॉडच्या टोकाला पात्याची बारीक थरथर जाणवायला हवी, ती थांबली तर पातं फिरत नाहीये, नुसता लोखंडाचा तुकडा वाहतोय. त्याच जागेवर तीन-चार कास्ट, नाही आला तर पुढचा धोंडा.

सामान म्हणाल तर सहा फुटी हलका रॉड, लहान रील, चार ते सहा पौंड ताण सोसणारी लाईन पुरते. स्पिनरमुळे लाईनला पीळ पडतो, म्हणून छोटा स्विव्हल (फिरती कडी) लावाच. तिहेरी गळ काढून एकेरी लावा आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. मी दुसऱ्या रात्री सगळ्या स्पिनरचं हे काम केलं, त्यानंतर मासा पाण्यातच ठेवून दोन सेकंदात गळ निघायचा. मासा धरायच्या आधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. पाणी भयंकर गार असतं, अर्ध्या तासात पाय बधिर होतात, त्यामुळे वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक विजार) नसतील तर काठावरूनच गरवा. शेवाळी गोट्यांवर चपला घालून अजिबात जाऊ नका.

मे-जूनला बर्फाचं पाणी जास्त, पावसाळ्यात गढूळ. काका म्हणाले सप्टेंबर संपता संपता या, तेव्हा पाणी दिवसभर स्वच्छ असतं. तसा बेत केलाय, आणि त्या काचेसारख्या पाण्यासाठी शून्य नंबरचे अडीच ग्रॅमवाले स्पिनर जास्त नेणार आहे.