शीड उलटं का भरत होतं

शिडाची होडी शिकायला लागलो तेव्हा वाटायचं, तळं म्हणजे सोपं काम. भरती-ओहोटी नाही, मोठ्या लाटा नाहीत. पण पहिले तीन रविवार मी एकाच जागी अडकलो, पश्चिम काठावरच्या सहा मजली इमारतीसमोर. शीड आधी मलूल पडायचं, मग अचानक उलट्या बाजूने भरायचं आणि खालचा आडवा दांडा सप्पकन डोक्यावरून जायचा. टेंगूळ दोनदा आलं. दोर धरायलाच चुकतोय, असं समजून मी स्वतःवर चरफडत होतो.

सरांनी चूक दाखवली नाही, एवढंच विचारलं, “वारा पश्चिमेचा आहे ना? मग तुझं शीड पूर्वेकडून कसं भरलं?”

दुसऱ्या दिवशी काठीला रिबन बांधली आणि काठाने चक्कर मारली. इमारतीच्या पाण्याकडच्या बाजूला रिबन चक्क इमारतीकडे उडत होती! वारा गच्चीवरून पुढे जातो, मागे पोकळी उरते आणि ती भरायला खालची हवा उलटी फिरते. असा भोवरा भरीव अडथळ्यामागे ठरलेलाच. तो मागे पडला तरी सुटका नाही. अडथळ्याच्या उंचीच्या दहा-वीस पट अंतरापर्यंत वारा मरगळलेला असतो. इमारत साधारण २० मीटर, म्हणजे २०० ते ४०० मीटर पाणी तिच्या आडोशात. आमचं अर्धं तळं त्यातच गेलं.

शेजारच्या झाडांच्या रांगेमागे रिबन लुळी होती, पण दिशा धरून होती. पानांतून थोडा वारा गाळून येतो, त्यामुळे भोवरा जोर धरत नाही. झाडांबद्दल तेव्हापासून माझं मत फार चांगलं आहे.

खरी गंमत दोन इमारतींमधल्या फटीत. तिथे रिबन ताठ! कोंडलेला वारा फटीतून वेगाने निसटतो आणि पाण्यावर पंख्यासारखा पसरतो. काठावरून पाहिलं तर गडद, बारीक सुरकुत्यांचा पट्टा सरकताना दिसतो. पट्ट्याच्या एका कडेला वारा डावीकडे वळलेला, दुसऱ्या कडेला उजवीकडे. कोणत्या कडेने शिरायचं हे कळलं तर बरंच अंतर फुकटात कापता येतं.

समोरच्या काठावरही झाडी होती. वारा तिच्यावर आदळण्याआधीच वर उचलला जातो, त्यामुळे किनाऱ्याला लागता लागता होडी मंदावायची. मोकळ्या मैदानाच्या बाजूला मात्र असलं काही नव्हतं. पाणी जमिनीपेक्षा गुळगुळीत, त्यामुळे तिकडून आलेला वारा तळ्यावर उलट जोरच धरायचा.

हे सगळं वहीत तळ्याच्या नकाशावर बाणांनी काढलं. वारा उत्तरेचा असला की बाण पुसून नव्याने काढायचे, हा वेगळाच उद्योग.

चौथ्या रविवारी इमारतीला लांबून वळसा घातला आणि पहिल्यांदा न थांबता पलीकडे पोहोचलो. फटीतल्या झोताने पुढे एकदा होडी कलंडलीच. तो कुठून येणार हे ठाऊक होतं, दोर सोडायला उशीर झाला.