उबुंटू सर्व्हरवर एसएसएच: पासवर्ड खरोखर बंद होईपर्यंत

भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर उबुंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) होतं. त्यावर पासवर्डने लॉगिन बंद करून फक्त किल्लीने आत जायचं होतं. दुरून टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायचं तर एसएसएचच; त्यात सगळी देवाणघेवाण कूटबद्ध असते. त्याआधीचं टेलनेट पासवर्डसुद्धा उघडा पाठवतं. हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठात तातू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिलं, ते तिथल्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतरच.

किल्ल्यांची जोडी (लॅपटॉपवरच राहणारी खाजगी आणि सर्व्हरला द्यायची सार्वजनिक) एसएसएच-कीजेनने लॅपटॉपवर बनवली: प्रकार ईडी२५५१९, खाजगी किल्लीवर पासफ्रेज, म्हणजे तिचा स्वतःचा पासवर्ड. एसएसएच-कॉपी-आयडीने फक्त सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर पाठवली. हे काम हाताने करणाऱ्यांनी .एसएसएच फोल्डरला ७०० आणि ऑथराइज्ड_कीज फाइलला ६०० परवानगी द्यावी, म्हणजे दोन्ही फक्त मालकालाच उघडतील. होम फोल्डरमध्ये मालकाखेरीज इतरांना लिहिता येत असेल तरी किल्ली नाकारली जाऊ शकते. लॅपटॉपवर नुसतं 'परमिशन डिनाइड' दिसतं. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत), जर्नलसीटीएल या आज्ञेने बघायचं.

खरी गोम पुढे आहे. सर्व्हरवर एसएसएच चालवणाऱ्या एसएसएचडी या प्रोग्रामच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये, एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये, पासवर्डऑथेंटिकेशन 'नो' केलं, तरी सर्व्हर पासवर्ड मागतच होता. एसएसएचडी प्रत्येक सेटिंगची पहिली सापडलेली नोंद धरतो, नंतरची सोडून देतो. उबुंटूत मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच इन्क्लूडची (दुसऱ्या फायली जोडून घेणारी) ओळ असते, त्यामुळे एसएसएचडी_कॉन्फिग.डी फोल्डरमधल्या फायली आधी वाचल्या जातात. तिथे ५०-क्लाउड-इनिट.कॉन्फमध्ये 'यस' बसलेलं होतं. ती फाइल क्लाउड-इनिट (क्लाउड सर्व्हरची सुरुवातीची मांडणी करणारा प्रोग्राम) पुन्हा लिहू शकतं, म्हणून तिला हात न लावता ०१ ने सुरू होणारी, म्हणजे नावाच्या क्रमाने आधी वाचली जाणारी, वेगळी फाइल केली. तिच्यात तीन ओळी: पासवर्डऑथेंटिकेशन नो, केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन नो, परमिटरूटलॉगिन नो (सर्वाधिकारी रूट खात्याला थेट प्रवेश बंद). मधली ओळ गाळू नका. ती प्रश्नोत्तराने लॉगिनची वाट आहे; ती उघडी असली तर पॅममार्फत (लिनक्सची ओळख तपासणारी यंत्रणा) पासवर्ड चालतोच.

एसएसएचडीला लहान टी देऊन चालवलं की लिखाणातली चूक कळते. काही छापलं नाही म्हणजे ठीक. मोठा टी दिला की प्रत्यक्ष लागू सेटिंग्ज दिसतात, आणि विश्वास याच यादीवर ठेवावा. मग सेवा रीस्टार्ट केली. चालू सेशन त्याने तुटत नाही, ते उघडंच ठेवून दुसऱ्या खिडकीतून पबकीऑथेंटिकेशन 'नो' देऊन, म्हणजे किल्ली न वापरता, जोडणी करून पाहिली. पासवर्ड न विचारता थेट नकार आला पाहिजे.

एसएसएचचा नेहमीचा पोर्ट २२ (जोडणीचा दरवाजा-क्रमांक) बदलल्याने लॉगमधली वर्दळ कमी होते, सुरक्षा फारशी वाढत नाही. तरी बदलायचाच तर आधी यूएफडब्ल्यू (उबुंटूतली फायरवॉल) आणि क्लाउड पॅनेल, दोन्ही फायरवॉलमध्ये नवा पोर्ट उघडा. २४.०४ मध्ये पोर्ट सिस्टिमडीच्या (सेवा चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) एसएसएच.सॉकेटकडे असतो, म्हणून डीमन-रीलोड करून सॉकेटच रीस्टार्ट करावा लागतो.