बोट आखूड करून घ्यायचंय?
पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट लांब दिसतं म्हणून ते आखूड करून घेता येतं. बोटाच्या मधल्या सांध्यापाशी काही मिलिमीटर हाड काढतात, टोकातून बारीक तार घालून बोट सरळ धरतात आणि साधारण ४ ते ६ आठवड्यांनी ती ओढून काढतात. तारेच्या तोंडाशी पू दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हाड जास्त कापलं गेलं की बोट लुळं पडतं, भार शेजारच्या हाडांवर जातो आणि तळव्याला घट्टे पडतात. सिगारेट ओढणाऱ्यांचं हाड उशिरा जुळतं, ती आधीच सोडा. सूज तर कित्येक महिने रेंगाळते. बनियन, म्हणजे पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी बाहेर आलेलं हाडाचं टेंगूळ, दुखत नसेल, तर केवळ दिसण्यासाठी त्यावर शस्त्रक्रिया नकोच. न दुखणारा पाय त्यानंतर कायमचा दुखू शकतो.