मॉरिशसची वही: लगूनचा निळा जमायला लागलाय

मॉरिशसमधल्या आवडत्या जागा आठवणीतून जलरंगात उतरवायच्या म्हणून सुरू केलेली वही आता निम्म्याच्या पुढे गेली आहे. नोकरीच्या निमित्ताने तिथे काही वर्षं काढली, तेव्हाचे फोटो ढिगाने आहेत. पण ते समोर ठेवायचे नाहीत, हा नियम अजून पाळतेय. फोटोतले रंग कॅमेऱ्याचे असतात. मला हवेत ते डोळ्यांत राहिलेले. मात्र आठवणीवर भिस्त ठेवायची तर त्या जागेचा रंग तसा का आहे हे आधी कळायला लागतं, नाहीतर ब्रश नुसता चाचपडत राहतो. या टप्प्यावर हाती लागलेली मोठी गोष्ट हीच.

लगूनचंच घ्या. बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळभिंतीचं कडं आहे. आत उथळ पाणी, तळाला प्रवाळाची पांढरी वाळू. पाणी प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतं, पांढरा तळ उरलेला प्रकाश परत पाठवतो, म्हणून पाणी झळझळीत फिरोजी दिसतं. भिंतीच्या बाहेर तळ झपकन खोल जातो आणि पाणी गडद निळं होतं. म्हणजे किनाऱ्यापासून क्षितिजापर्यंत एकच ग्रेडेड वॉश (फिक्यापासून गडद होत जाणारा रंगाचा पातळ थर) टाकून हे चित्र होणारच नाही. आतला समुद्र वेगळा, बाहेरचा वेगळा, आणि मधे फेसाची पांढरी रेघ.

सध्या बसलेली पद्धत अशी: ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, कॉटन कागद, कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खडबडीत. किनाऱ्याचा पट्टा ओला करून अगदी पातळ रॉ सिएना (पिवळसर मातकट), तो ओला असतानाच कोबाल्ट टरकॉइज, आणि भिंतीकडे जाताना किंचित थॅलो ब्लू हा तीव्र निळा. पाण्याखालच्या प्रवाळाचे काळपट डाग याच ओल्यात सोडायचे, म्हणजे कडा विरघळून ते खरोखर पाण्याखाली जातात. थॅलो कागदाला घट्ट धरतो, नंतर उचलता येत नाही, त्यामुळे तो शेवटी आणि बेताने. फेसाच्या रेघेसाठी मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखायला लावायचा द्रव) मला पटलं नाही, कडा फार कापल्यासारख्या येतात. तिथला कागद कोराच ठेवते आणि बाहेरचा गडद निळा अल्ट्रामरीन अर्धवट कोरड्या फ्लॅट ब्रशने त्याच्यापर्यंत आडवा ओढते. कागदाच्या खडबडीतपणामुळे मधे मधे पांढरं सुटतं आणि लाट फुटल्यासारखी वाटते. पावसाळ्यात आपल्याकडे कागद लवकर वाळत नाही, त्याचा या कामाला उलट फायदाच होतोय.

ल मोर्न या वहीतलं माझं सगळ्यात लाडकं पान. नैर्ऋत्य टोकाला समुद्रातून सरळ उठलेला ५५६ मीटरचा बेसाल्टचा, म्हणजे काळ्या ज्वालामुखी खडकाचा, डोंगर. मळ्यांवरून पळालेले गुलाम याच्या कपारींत आणि माथ्यावर आसरा घ्यायचे. २००८ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. हे माहीत असलं की त्याला नुसता देखणा डोंगर म्हणून रंगवावंसं वाटत नाही. मी तो पाण्याच्या पातळीवरून, मान वर करून बघावा लागेल असा घेतलाय, कडा कागदाच्या वरच्या काठाला जवळपास टेकलेला. बेसाल्टचा करडा रंग तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन कागदावरच मिसळून काढला. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खाचांत बसतात आणि दगडाचा पोत आपोआप येतो. सह्याद्रीही बेसाल्टचाच, त्यामुळे गडांची चित्रं करून बसलेला हात इथे फार कामाला आला. आकाशातून त्या टोकाशी पाण्याखाली धबधबा असल्याचा भास होतो, त्याची चित्रं खूप दिसतात. मी तो वरून पाहिलेला नाही, म्हणून काढणार नाही.

शामारेलची सप्तरंगी माती करताना मात्र वेगळाच आनंद झाला. बेसाल्ट झिजून झालेली ती माती, लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी रंगलेली. आणि आपल्या पॅलेटमधला बर्न्ट सिएना म्हणजेही लोहाचा ऑक्साइडच! त्यामुळे त्या टेकड्यांच्या वळ्यांसाठी मातीचेच रंग वापरले, सावल्यांपुरता थोडा जांभळा. भडकपणा कटाक्षाने टाळला, कारण ऊन चढलं की ते रंग बरेच फिके दिसतात. सकाळचं तिरकं ऊन धरलंय.

दक्षिणेला ग्री-ग्रीचं पान एका बैठकीत झालं. तिथे प्रवाळभिंत नाही, लाटा थेट काळ्या कड्यावर आदळतात. फिरोजी रंगाला हातच लावला नाही.

पश्चिम किनाऱ्यावरचं फ्लिक-आँ-फ्लाक अजून अपुरं आहे. तिथे किनाऱ्याला सुरूची झाडं, अगदी आपल्या कोकणासारखी. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून ऊसमळ्यांवर कामाला गेलेल्या मराठी माणसांची वस्ती याच बाजूला, कास्कावेलच्या आसपास बरीच. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि मूर्ती समुद्रात विसर्जित होतात. आमच्या शेजारच्या आजी एरवी सगळं क्रिओल या तिथल्या बोलीत बोलायच्या, पण आरतीला उभ्या राहिल्या की सगळी कडवी तोंडपाठ, मराठीत. त्यांना गुडघाभर लगूनमध्ये उभं राहून, साडीचा काठ एका हाताने सावरत आरती म्हणताना पाहिलंय. तेच चित्र हवंय मला. सुरूचा राखाडी हिरवा जमला. झुबके रिगर या लांब, बारीक केसांच्या ब्रशने खालच्या दिशेला हलके ओढले. आजींची आकृती अजून ताठ येते. पाठीचा बाक आणि पाण्यात हलणारं साडीचं प्रतिबिंब यांची वेगळी स्केचेस सुरू आहेत, ती जमल्याशिवाय त्या पानाला पुन्हा रंग लावणार नाही.

पुढचं पान तामारीनच्या मिठागरांचं. दगडी बांधांचे चौकोन आणि प्रत्येकात आकाशाचा वेगळा तुकडा. पांढरा गुवाश (अपारदर्शक जलरंग) वापरायचा मोह होईल, पण मिठाचे ढीग कोऱ्या कागदातूनच काढायचे ठरवलंय, म्हणून आधी पेन्सिलीने सगळे चौकोन आखून घेतेय.