कडत पाणी

मी कुष्ठरोगाच्या कामात अवैद्यकीय सहाय्यक आहे. पदाच्या नावात आधी मी काय नाही ते सांगून ठेवलंय. डॉक्टर नाही, नर्स नाही. 26 वर्षं सातारा जिल्ह्यात लोकांचे पाय बघतोय. माणसाला डोळे मिटायला सांगायचं, बॉलपेनचं टोक तळव्याला टेकवायचं आणि म्हणायचं, "लागलं तिथं बोट ठेवा." बोट चुकीच्या जागी गेलं, किंवा उठलंच नाही, की माझं काम सुरू.

आमच्या मंडळीच्या तरुण संघाचं तीन दिवसांचं शिबिर नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधे असतं. या वेळचा विषय होता 'सेवा आणि पाचारण'. चौतीस पोरं-पोरी. त्यातल्या सात-आठ जणांना खरोखरच मिशनरी म्हणून बाहेर पडायचंय. पहिला दिवस भाषणांचा. ना. वा. टिळक 1917 साली मिशनची नोकरी सोडून आपल्या साताऱ्यात आले आणि 'देवाचा दरबार' काढला, हे दर शिबिरात सांगतात. डॉ. वॉनलेसही असतातच: 1889 मध्ये भारतात आले, 1894 मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं केलं. पोरं वहीत उतरवून घेतात. एकाला झारखंडला जायचंय. त्याच्या घरापासून सात किलोमीटरवर आमची कुष्ठरुग्णांची वसाहत आहे, ती त्याला ठाऊक नव्हती.

दुसरा दिवस सेवेचा, आणि तो पाळकसाहेबांनी माझ्या गळ्यात घातला. योहानाचा 13वा अध्याय वाचायचा, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तसे पोरांनी वसाहतीतल्या म्हाताऱ्यांचे पाय धुवायचे, अशी त्यांची योजना. मी म्हटलं, धुवू या, पण माझ्या पद्धतीनं. नुसतं तांब्याभर पाणी ओतून टॉवेल फिरवायचा असेल तर आमच्या लोकांना त्याचा काही उपयोग नाही.

माझी पद्धत अशी. या लोकांचा आजार कधीच बरा झालाय. बहुविध औषधोपचार सहा महिने किंवा वर्षभर घेतला की माणूस रोगमुक्त. संसर्ग तर औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत थांबतो. पण आधी मेलेली नस औषधानं परत येत नाही. तळव्याला जाण नसते, घामही येत नाही. घाम नाही म्हणून कातडी कोरडी, कोरडी म्हणून भेगा, आणि भेगेत खडा शिरला तरी माणूस त्यावर दिवसभर चालतो. म्हणून रोज वीस मिनिटं पाय साध्या पाण्यात बुडवून ठेवायचे. मग घट्टे वजरीनं हलक्या हातानं घासायचे, रक्त येईस्तोवर नाही. मग पाय पुसून कोरडे न करता ओल्यावरच खोबरेल चोळायचं, म्हणजे आत शिरलेलं पाणी आतच राहतं. कोरड्या पायाला तेल लावणारे मी खूप पाहिलेत. ते तेल चपलेला मिळतं. शेवटी आरशात तळवा बघायचा. चपलेला आत मऊ एमसीआर रबर हवं. आम्हाला चपला मिळतात त्या एकाच साच्याच्या. वसाहतीतल्या एका म्हातारीला, आक्कांना, डाव्या पायाला दोनच बोटं आहेत. त्यांचा पाय त्या चपलेत होडीसारखा डोलतो. याबद्दल मी किती पत्रं लिहिली ते विचारू नका.

आदल्या रात्री पोरांना हे सगळं शिकवलं. संयोजकांनी हातमोज्यांचा खोका आणला होता, तो गाडीतच ठेवायला लावला. जखमेचं ड्रेसिंग मी करणार, जखम नसलेल्या पायाला मोजे कशाला? फोटोही नकोत म्हटलं. दोन वेळा सांगितलं, "पाणी साधं. गरम नाही, कोमटही नाही." का, तेही सांगितलं. यापलीकडे अजून काय सांगायचं होतं, हा हिशेब मी तेव्हापासून मांडतोय.

सकाळी कडाक्याची थंडी होती. वसाहतीत अकरा म्हातारी माणसं ओळीनं बसली, प्रत्येकासमोर घमेलं. आक्कांच्या समोर जी मुलगी होती ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शिबिरात सगळ्यात मन लावून ऐकणारी. तिनं घमेल्यातल्या पाण्यात हात घातला आणि तिचीच बोटं आखडली. एवढ्या गार पाण्यात म्हातारीनं वीस मिनिटं पाय ठेवायचे? कोपऱ्यात बंब पेटलेला होता. ती बादली घेऊन गेली.

हे मला नंतर कळलं. मी तेव्हा दुसऱ्या टोकाला एका मामांची पट्टी सोडत होतो. ती परत आली, घमेलं बदललं, आणि त्याच वेळी पाळकसाहेब म्हणाले, "आपण प्रार्थना करू." सगळ्यांनी डोळे मिटले, मीही. आमचे पाळकसाहेब माणूस सोन्यासारखा, पण त्यांची प्रार्थना साताऱ्यात सुरू होऊन सगळ्या जगाला वळसा घालून येते. माझ्या अंदाजानं चार मिनिटं तरी झाली. 60 अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत भाजतं. 50 च्या आसपासच्या पाण्याला काही मिनिटं लागतात. आमेन झाल्यावर मुलीनं पाण्यात हात घातला, "अगं बाई, कडतच आहे की" म्हणाली आणि गार पाणी ओतलं. मग वजरी, तेल, सगळं शिकवल्याप्रमाणे. मी जाऊन पाहिलं तेव्हा पाय तेलानं चमकत होते. आक्कांची कातडी काळी, लाली चटकन दिसत नाही. दिसायला हवी होती.

संध्याकाळी मामांच्या पट्टीसाठी परत गेलो. आक्का पदरानं पाय झाकून बसल्या होत्या. पदर बाजूला केला तर दोन्ही पावलांवर घोट्याखाली फोड. उजव्या पायावरचा लिंबाएवढा.

"आक्का, पाणी गरम होतं?"

"व्हय. वाफ येत हुती की."

आक्का वसाहतीत नव्या माणसाला पाणी तपासायला शिकवतात. स्वतःच्या कोपरालाही जाण नाही म्हणून शेजारच्या नातवंडाचं कोपर बुडवून बघतात. त्यांना वाफ दिसली आणि त्यांनी पाय आत जाऊ दिले.

"मग बोलला का नाही?"

"पोरीनं माजा पाय मांडीवर घेतल्याला. तसाच पान्यात सोडला तिनं. डोळं मिटून रडत हुती ती. मधीच कसं बोलायचं? मला कुटं दुकतंय."

फोड फोडला नाही. स्वच्छ करून, कोरडी पट्टी बांधून, पाय उशीवर ठेवायला सांगितलं. आक्का म्हणाल्या, "त्या पोरीला कळू दिऊ नगंस."

रात्री शेकोटीभोवती साक्षी. ती मुलगी उठली. म्हणाली, आज एका आजींचे पाय हातात घेतले आणि मला माझं पाचारण कळलं. सगळे 'हालेलुया' म्हणाले. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. माझ्या खिशात पट्टीची उरलेली गुंडाळी होती.

त्या रात्री बोललो नाही. सकाळी तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं. न सांगता ती झारखंडला किंवा आणखी कुठं गेली असती, आणि तिथंही म्हातारीला थंडी वाजेल म्हणून पाणी तापवलं असतं. ती रडली नाही. "मी प्रार्थनेआधी हात का घातला नाही?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, मीही डोळे मिटले होते. पाळकसाहेबांना मात्र अजून सांगितलेलं नाही. सांगायला हवं, कळतंय.

दुपारी सगळी बसमध्ये बसली तेव्हा गाणी चालू होती. ती खिडकीशी गप्प बसली होती.

उजव्या पायाचा फोड चौथ्या दिवशी फुटला, कारण आक्का पाणी भरायला गेल्याच. भरून यायला सात आठवडे लागले. एवढ्या दिवसांत दर पट्टीला त्या एकच विचारायच्या:

"त्या पोरीला सांगितलं न्हाईस ना?"

"नाही, आक्का."